पेशीतला सिग्नल आणि खोटा निरोप

मी प्राध्यापक नाही, फौजेच्या सिग्नल कोअरमधला निवृत्त अधिकारी. आमचा पहिला धडा असा: निरोप पोचवायचा, तो खरा आहे का ते पाहायचं आणि काम झालं की लाईन बंद करायची. पेशीचंही तसंच आहे.

आतड्याच्या पेशीवर जीसी-सी नावाचं प्रथिन असतं. त्याचं एक टोक पेशीबाहेर, दुसरं आत. आतड्यातच तयार होणारं ग्वानिलिन हे हार्मोन बाहेरच्या टोकाला चिकटलं, की आतलं टोक सायक्लिक जीएमपी नावाचे छोटे रेणू बनवू लागतं. हे आपले निरोपे. ते पीकेजी या प्रथिनाकडे जातात. पीकेजीचा एक भाग नियामक; तो एरवी कामाच्या भागाला ब्रेक लावून बसलेला असतो. निरोप्या पोचला की ब्रेक सुटतो आणि पीकेजी क्लोराइडचं दार उघडतं. क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम आणि पाणी. आतडं ओलं राहतं. मग फॉस्फोडायएस्टरेज नावाचं प्रथिन निरोप्यांना मोडतं. लाईन बंद.

आता शत्रू. ई. कोलाय जिवाणूचे काही प्रकार ग्वानिलिनसारखंच दिसणारं, पण जास्त घट्ट चिकटणारं विष सोडतात. निरोप खोटा, पण पेशी तो खरा मानते. पाणी वाहतच राहतं. हेच जुलाब.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. संध्या विश्वेश्वरय्या यांच्या प्रयोगशाळेनं याच प्रथिनावर अनेक वर्षं काम केलं आहे. नॉर्वेतल्या एका कुटुंबात ३२ जणांना जुलाबाचा त्रास होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात या प्रयोगशाळेचाही वाटा होता. तिथं जंतू कारण नव्हता. जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे जीसी-सी खऱ्या निरोपालाच अवाजवी प्रतिसाद देत होतं.

मग उपाय? पेशीला आणखी एक दार असतं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आले की ते दोघांना आत घेतं, मागून पाणी येतं. खोटा निरोप हे दार बंद करू शकत नाही. ओआरएस चालतं ते यामुळेच. म्हणून एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळा, कमी नाही की जास्त नाही. मूल सुस्त पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर थेट डॉक्टरकडे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!