वय आणि काम

वयाबरोबर माणसाची शक्ती वाढते आणि पुढे कमी होते, ही निसर्गाची रीत आहे. परंतु शक्ती आणि कसब या दोन गोष्टी एक नव्हेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता हे गाव पेरूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे फळांनी भरलेल्या जड पाट्या तरुणांनी वाहाव्यात, हे योग्यच. पण बागेला ताण किती दिवस द्यावा, पाणी केव्हा सोडावे, कोणती फांदी छाटावी, हे ठरविण्यास मुरलेल्या माळ्याचीच नजर लागते.

असे असूनही, काम मागावयास आलेल्या वयस्कर माणसाला पुष्कळदा त्याचे काम न पाहताच परत पाठवितात. “आता तुमचे वय झाले,” एवढेच त्याला ऐकावे लागते. काम जमले नाही म्हणून नाकारणे वेगळे आणि पिकलेले केस पाहून नाकारणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारास वयावरून केलेला भेदभाव म्हणतात. त्यामुळे त्या माणसाची रोजी बुडते आणि त्याचा स्वाभिमानही दुखावतो.

मग कामाला वयाची मर्यादाच नसावी काय? तसे नाही, मुलांनो. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात वा खाणीत कामास ठेवू नये, असे आपले संविधान सांगते. ही मर्यादा तुमच्या रक्षणासाठी आहे. सरकारी नोकरीतही निवृत्तीचे वय ठरलेले असते. त्यामुळे नव्या पिढीस जागा मिळते. तथापि ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. केंद्र सरकारच्या बहुतेक सेवकांचे निवृत्तीचे वय पूर्वी ५५ वर्षे होते. ते १९६२ साली ५८ झाले आणि १९९८ साली ६० झाले.

पण ज्याला निवृत्तिवेतन नाही, अशा मजुराने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने दिले आहे. १९७२ सालच्या भीषण दुष्काळात हजारो स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या व मातीकामाच्या ठिकाणी राबले. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क या कायद्याने दिला. प्रौढ म्हणजे वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती. वयाची वरची मर्यादा मात्र त्यात घातलेली नव्हती. पाझर तलावाच्या कामावर साठीच्या आजीबाई आल्या, तरी केवळ वयाकडे बोट दाखवून त्यांना परत पाठविता येत नसे. खोदलेल्या मातीच्या मापाप्रमाणे मजुरी मिळे. म्हणून थकलेल्या हातांना ती कमी पडे, हेही खरे. पण माप कामाचे होते, वयाचे नव्हते.

इतर देशांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. अमेरिकेत १९६७ साली झालेला कायदा आज ४० वर्षांच्या वा त्याहून मोठ्या माणसास केवळ वयामुळे नोकरी नाकारण्यास मनाई करतो.

उद्या तुमच्यापैकी कोणी शेतमालक होईल, कोणी दुकानदार, कोणी अधिकारी. तुमच्या दाराशी काम मागावयास एखादा वृद्ध कारागीर येईल. त्या वेळी त्याचे वय विचारण्याआधी त्याच्या हातचे काम पाहा. न्यायाची सुरुवात तेथूनच होते.