दोराचा पीळ

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाहीं," ही म्हण हट्टी मनुष्यास टोमणा मारण्यासाठीं आपण नित्य वापरतों. इयत्ता नववीच्या वर्गांत आम्हीं हिचा अर्थ विचारला, तेव्हां बहुतेक मुलांस तो बरोबर सांगतां आला. परंतु सुंभ म्हणजे काय असें विचारतांच वर्ग निःशब्द झाला. शेवटीं एका मुलानें धीर करून "सुंभ म्हणजे मंद बुद्धीचा मनुष्य" असें उत्तर दिलें, व सर्व वर्ग हंसला. त्या मुलाचा तरी काय दोष? बोलण्यांत तो शब्द त्यानें त्याच अर्थानें ऐकलेला. हातानें वळलेला दोर त्याच्या घरीं नाहीं. जो आहे तो दुकानांतून वजनावर आणलेला, निळा किंवा पिवळा, गुळगुळीत असा आहे. तेव्हां सुंभ, त्याचा पीळ आणि तो पीळ भरणारे हात यांविषयीं चार गोष्टी लिहून ठेवाव्या, असें आम्हांस वाटलें.

या गोष्टी आम्हीं ज्या गांवीं पाहिल्या तें घाटनांदूर हें बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांत आहे. अंबाजोगाईस लोहमार्ग नसल्यामुळें विकाराबाद-परळी मार्गावरील येथील स्थानक त्या बाजूच्या लोकांस उपयोगीं पडतें. बाहेरच्या जगास गांवाची ओळख बहुधा तेवढीच. येथें मोठी नदी नाहीं, नौका चालतील असा कालवा नाहीं. जमीन आहे, आणि ती कसणारे लोक आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीं कसण्याचें सर्व काम बैलांच्या बळावर होत असे, व बैल म्हटला कीं दोर आलाच. नाकांत वेसण, डोक्यास म्होरकी, हांकणाऱ्याच्या हातांत कासरा, मान जुवाशीं धरून ठेवणारी जुंपणी, गोठ्यांत खुंट्यास बांधण्याचें दावें. उभ्या पिकांत कोळपणी करतांना बैलानें ताटें खाऊं नयेत म्हणून त्याच्या तोंडास जाळीदार मुस्कें बांधावें लागे. कडब्यानें भरलेली गाडी आवळण्यास लांबलचक चऱ्हाट हवें. घरांत पाहावें तर दुधाचें शिंकें दोराचें, बाज विणलेली सुंभानें, आणि पांखरें राखणाऱ्या पोराच्या हातांतील गोफणहि दोराचीच. पोळ्याच्या दिवशीं बैलास जुनी वेसण व जुनी म्होरकी घालून मिरविणें कुणब्यास कमीपणाचें वाटे. त्यामुळें श्रावण सरूं लागला म्हणजे दोर वळणाऱ्यांच्या घरीं दिवस आणि रात्र एक होत असे.

हीं घरें मांग समाजाचीं. आज त्यांस मातंग म्हणतात. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत बलुतेदारीचें सविस्तर वर्णन आहे. तें इंग्रजी मुलखांतील खेड्यांस अनुलक्षून असलें तरी १९४८ पर्यंत निजामी अमलांत असलेल्या आमच्या खेड्यांसहि बव्हंशीं लागू पडतें. वर्षभर दोर पुरवावे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन पदरांत पडेल तें धान्य घ्यावें, असा तो व्यवहार. दोराची किंमत अशी कोणी ठरवीत नसे. देणाऱ्याची मर्जी हेंच माप.

दोराचें द्रव्य म्हणजे वाख. तो आमच्याकडे मुख्यत्वें दोन वनस्पतींपासून मिळे. पहिली अंबाडी. हिची आंबट भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर आपण सर्वच खातों; परंतु पानांपेक्षां तिच्या खोडाची साल अधिक मोलाची, हें आतां फार थोड्यांच्या ध्यानीं आहे. पावसाळ्याच्या आरंभीं ज्वारीच्या किंवा तुरीच्या शेताच्या कडेनें ती पेरीत, फुलावर आली म्हणजे कापीत, आणि जुड्या बांधून डबक्याच्या पाण्यांत दगडांखालीं बुडवून ठेवीत. आठ-पंधरा दिवसांत पाण्यांतील सूक्ष्म जंतु सालींतील चिकट द्रव्य खाऊन टाकतात, आणि साल काडीपासून सहज सुटते. येथें अंदाज चुकला कीं माल गेलाच. जुडी लौकर काढली तर तंतु काडीस चिकटून तुटतात. उशीर झाला तर तंतुच कुजतात. वास तर असा सुटतो कीं त्या डबक्याजवळून जाणारा नाकास पदर लावूनच जाई. दोर वळणारा मात्र त्याच पाण्यांत कंबरेइतका उभा राहून साल सोलीत असे.

दुसरी वनस्पति घायपात; आमच्या भागांत हिला केकताड म्हणतात. ही मूळची येथील नव्हे, मेक्सिकोकडून आलेली. कुंपणासाठीं शेतांच्या बांधांवर व लोहमार्गांच्या कडेस तिची लागवड झाली, आणि टोंकास कांटा असलेलीं तिचीं जाड पानें दोर वळणाऱ्यांस आयतीं मिळूं लागलीं. पान कुटून, भिजवून, खरवडून त्याचा गर काढावा लागतो. हा रस अंगास लागला म्हणजे कातडी खाजून लाल होते. ज्यांनीं जन्मभर हें काम केलें त्यांचे हात ओळखूं येत.

आतां मुख्य गोष्ट पीळ. अंबाडीचा तंतु फार तर पुरुषभर लांब. केकताडाचा त्याहून आंखूड. अशा तुकड्यांपासून साठ हात लांब दोर होतो, त्यांत ना सरस, ना शिवण, आणि तरी दोन बैलांच्या ओढीस तो दाद देत नाहीं. हें कसें घडतें? वाखाचे तंतु एकमेकांशेजारीं नुसते ठेवले तर ओढतांच निसटतात. त्यांस पीळ दिला म्हणजे ते एकमेकांवर दाबले जातात व त्यांच्यांत घर्षण उत्पन्न होतें. अशा पिळलेल्या वाखास जितकें अधिक ओढावें तितके तंतु एकमेकांस अधिक घट्ट धरतात. ओढणाराच, आपल्या नकळत, दोरास बळकटी देत असतो.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं, कारण एकाच दिशेनें पिळलेला पेड हातांतून सोडतांच उलट फिरून उकलतो. यावर तोड अशी कीं, दोन किंवा तीन पेड प्रत्येकीं उजवीकडे पिळावे, आणि मग ते एकत्र डावीकडे वळावे. आतां प्रत्येक पेड उकलण्यासाठीं ज्या दिशेस फिरूं पाहतो, त्याच दिशेनें सबंध दोर अधिक घट्ट होतो. आणि दोर उकलूं पाहील तर पेडांस अधिक पीळ बसतो. दोघांचीहि सुटण्याची धडपड एकमेकांस बांधून ठेवते. हें ज्यानें प्रथम शोधून काढलें त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, परंतु आमच्या मतें तो मोठा यंत्रज्ञ असला पाहिजे.

बारीक दोरी एकटा मनुष्य मांडीवर तळहातानें वळतो. जाड दोरास मात्र तिघे-चौघे लागतात, आणि तें काम गल्लींतच चालावयाचें, कारण एवढी लांब जागा दुसरी कोठली? एका टोंकास खुंटा, दुसऱ्या टोंकास फिरकी फिरविणारा, आणि मध्यें तीन खांचांचा लांकडी ठोकळा घेऊन चालणारा जाणता मनुष्य. तिन्ही पेड खांचांतून येतात व ठोकळ्याच्या मागें एकमेकांस मिठी मारतात. ठोकळा भरभर सरकला तर दोर विसविशीत होतो, फार रेंगाळला तर ताठर होऊन त्यास आढ्या पडतात. तीनशें हात पेडांचा दोर दोनशें हातांच्या आसपासच भरतो. उरलेली लांबी पिळांत जाते. हा हिशेब वळणाऱ्याच्या डोक्यांत असे, कागदावर नसे.

इंग्लंडांत चॅटॅम येथें आरमारासाठीं दोर वळण्याची इमारत १७९१ च्या सुमारास पुरी झाली. ती अकराशें फुटांहून अधिक लांब आहे. तींत जें यंत्रांनीं होतें तेंच आमच्या गल्लींत लिंबाखालीं होत असे. त्याच देशांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत नौकांसाठीं अनेक कालवे खणले गेले. त्यांतील पुष्कळ कालव्यांवरून सुमारें सात फूट रुंदीच्या लांबट नौका चालत, व कांठावरून चालणारा घोडा त्या दोरानें ओढीत असे. पाण्याची पातळी चढविण्या-उतरविण्यासाठीं जागोजाग दगडी हौद व त्यांस दारें असतात. तेथें नौकेचें नाक आपटून फुटूं नये म्हणून त्यावर दोराचा एक भरीव गठ्ठा बांधतात. त्याचा गाभा जुन्या, झिजलेल्या दोराचा, आणि त्यावर नव्या दोराची एकांत एक अडकविलेल्या गांठींची वीण. धक्का तो सोसतो, नौका वांचते. आम्हीं याचें चित्र पाहिलें तेव्हां प्रथम मुस्क्याची आठवण झाली. आमच्याकडेहि झिजलेला दोर टाकून देत नसत. उकलून त्यांतील धड पेडांचें दावें वळीत. कोंकणांतील नावाडी मात्र अंबाडी घेत नाहीं. नारळाचीं सोडणें कित्येक महिने खाऱ्या पाण्यांत कुजवून काढलेला काथ्या तो पसंत करतो, कारण समुद्राच्या पाण्यांत तो दीर्घकाळ टिकतो. अंबाडीचा दोर सतत भिजला कीं लौकर नासतो.

घाटनांदुरास ज्या दोरावर सर्वांत अधिक भार, तो मोटेचा नाडा. मोटेस दोन दोर असत. तिच्या तोंडास बांधलेला जाड नाडा वरच्या चाकावरून जाई. सोंडेचा बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून जाई. बैल उतारावरून धांवेवर चालूं लागले म्हणजे मोट हांकणारा त्या ताठ झालेल्या नाड्यावरच बसत असे. भरलेली मोट एका टोंकास, बैलजोडी दुसऱ्या टोंकास, आणि मध्यें मनुष्य. नाडा तुटला तर मोट विहिरींत, बैल तोंडघशीं, आणि मनुष्याचें काय होईल तें सांगावयास नको. म्हणून नाडा वळण्याचें काम कोणाहि पोराच्या हातीं देत नसत.

आमच्या घराण्यांतहि दोन पिढ्यांपूर्वीं हाच धंदा होता. मोट चालतांना आम्हीं पाहिली नाहीं. आमच्या जन्मापूर्वींच विहिरींवर इंजिनें बसलीं होतीं. परंतु आमचे आजोबा नाडे वळीत, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. त्यांनीं वळलेला नाडा दिवसांतून शंभर वेळां विहिरींत उतरे, भिजे, वर येई. त्याच्या भिजण्यानें पाणी बाटत नसे. पण त्यांस स्वतःस तहान लागली तर त्या विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. धांवेपासून दूर, पाटाच्या पाण्याशीं ओंजळ धरून बसावें लागे. ते ही गोष्ट रागानें सांगत नसत. नाडा किती चांगला होता, हेंच ते अधिक रंगवून सांगत. राग आम्हांस आला, आणि तोहि पुष्कळ वर्षांनीं.

याच समाजांतील मुक्ता साळवे या मुलीनें, पुण्यास जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकत असतां, महार-मांगांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, व तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. आमच्या या अंकांत ज्या विद्यार्थिनींनीं लेख दिले आहेत त्यांनीं तो अवश्य मिळवून वाचावा. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी १९२७ सालीं डॉक्टर आंबेडकरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं घेतलें, आणि १९५० मध्यें राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली. दोर वळणाऱ्यांचीं मुलें शिकून हा धंदा सोडून गेलीं, तर त्यांबद्दल हळहळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कुजक्या पाण्यांत उभें राहणें आणि खळ्यावर हात पसरणें ज्यांनीं सोडलें त्यांनीं चांगलेंच केलें. हस्तकलेचे गोडवे गाणाऱ्या कित्येक लेखकांस हें सुचत नाहीं, कारण त्यांनीं केकताडाचा रस अंगावर घेतलेला नसतो.

कारखान्यांतील प्लॅस्टिकचा दोर पावसांत कुजत नाहीं व स्वस्त पडतो. बैलाच्या नाकास तो काचतो, त्याची गांठ सुटते, आणि उन्हांत कांहीं वर्षांनीं त्याचा भुगा होतो, हे त्याचे दोष. पण तोहि हातांत घेऊन पाहावा: बहुधा तीन पेड, आणि पेडांच्या पिळाच्या उलट दोराचा पीळ. वाख गेला, मांडी गेली, ठोकळा गेला. युक्ति मात्र तीच राहिली आहे.

नववीच्या वर्गांत त्या दिवशीं म्हणीचा अर्थ अर्धवट राहिला होता, म्हणून पुढील आठवड्यांत आम्हीं गांवाकडून अंबाडीच्या वाखाची एक जुडी आणविली. सुंभाचा एक तुकडा पत्र्यावर ठेवून मुलांसमक्ष जाळला. राख झाली, आणि त्या राखेंत प्रत्येक वेटोळें जसेंच्या तसें दिसत होतें. सुंभाचा अर्थ मंद मनुष्य असा सांगणाराच मुलगा सर्वांत पुढें वांकून पाहत होता. राहिलेल्या वाखाचा मुलांनीं विज्ञानशाळेच्या ओसरींत आठ हात दोर वळला. तो तेथें खुंटीवर टांगला आहे. मधला भाग बरा साधला. एका टोंकाकडे ठोकळा भरभर सरकल्यामुळें तो विसविशीत आहे, आणि तेथील गांठ दर दोन दिवसांनीं पुन्हां बांधावी लागते.