लहान बॅटरी-पंप आणि तीन मराठी शब्द

द्रव पदार्थ एका पात्रातून दुसऱ्या पात्रात नेणे ही क्रिया इतकी नित्याची आहे की, तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून सहसा कोणी पाहत नाही. मराठीत मात्र या क्रियेसाठी शब्दांची वाण नाही. आडातून पाणी शेंदतात, हौदातील पाणी उपसतात, घागरीत ते भरतात आणि घागरीतून ओततात. यांतील प्रत्येक क्रियापद साधनाविषयी, दिशेविषयी किंवा हेतूविषयी काही तरी निश्चित सांगते. शेंदण्यात दोर आणि खोली गृहीत आहे. उपसण्यात साठा कमी करण्याचा भाव आहे. ओतण्यात द्रवाने वरून खाली जाणे अभिप्रेत आहे. यंत्र आले आणि हा सूक्ष्म भेद बराचसा मावळला. खेड्यातील शेतकरी आज ‘मोटर लावतो’ किंवा ‘मोटर चालू करतो’. पाणी कसे व कोठून येते हे त्या शब्दप्रयोगातून कळत नाही.

या परंपरेतील अगदी अलीकडचे आणि अगदी स्वस्त साधन म्हणजे टॉर्चच्या दोन मोठ्या सेलवर चालणारा हातातला पंप. डब्यातील डिझेल ट्रॅक्टरच्या टाकीत घालणे, जनित्रात इंधन भरणे, पिंपातील पाणी काढणे अशा कामांसाठी तो वापरला जातो. या साधनाचे कार्य आणि मर्यादा स्पष्ट करणे, आणि त्याच्या वापरात ‘मोटर’, ‘तेल’ व ‘रिकामा’ हे तीन नेहमीचे शब्द कोणती दिशाभूल करू शकतात ते दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या साधनाची गरज कोठे उत्पन्न होते ते पाहिले पाहिजे. डब्यातून इंधन काढण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे रबरी नळीचे एक टोक डब्यात सोडून दुसरे तोंडात धरणे आणि ओढ बसताच ते खालच्या पात्रात सोडणे. रीत बिनखर्चाची आहे, पण घातक आहे. डिझेल, केरोसीन व पेट्रोल हे पातळ द्रव आहेत. तोंडात आलेला घोट पोटात जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरला, तर थोड्याशा द्रवानेही फुप्फुसांचा गंभीर दाह होतो. अशा वेळी रुग्णाला मुद्दाम वांती करविणे हा उपाय नव्हे. त्यामुळे तोच द्रव पुन्हा घशाशी येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. रुग्णाला तत्काळ दवाखान्यात नेणे हेच योग्य. तोंडाने ओढण्याची ही गरज लहानसा पंप नाहीशी करतो, आणि हे त्याचे खरे मोल होय.

या पंपाची रचना साधी आहे. एका प्लॅस्टिकच्या दांड्याच्या तळाशी पाती असलेले लहान चक्र बसविलेले असते. मोटर फिरू लागली की चक्र वेगाने फिरते, पात्यांमधील द्रव कडेकडे फेकला जातो, मध्यभागी दाब घटतो आणि त्या जागी खालून नवा द्रव येतो. कडेला फेकलेला द्रव नळीतून वर चढतो. विहिरीवरील मोठ्या पंपाचे तत्त्वही हेच. या तत्त्वातूनच वापराचा पहिला नियम निघतो. असे चक्र जेवढा दाब निर्माण करते तो द्रवाच्या घनतेवर अवलंबून असतो, आणि हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी आहे. म्हणून चक्राभोवती हवा असेल तर ते कितीही फिरले तरी द्रव ओढू शकत नाही. पंपाचा पाय द्रवात बुडालेला असणे अपरिहार्य आहे. शिवाय चक्राच्या आसाला थंडावा आणि वंगण त्या द्रवाचेच मिळते. कोरडा फिरविलेला पंप थोड्याच वेळात झिजतो.

त्याच्या शक्तीचा हिशेबही उद्बोधक आहे. मिनिटाला 5 लिटर पाणी 1 मीटर उंच चढविण्यास 1 वॅटपेक्षाही कमी शक्ती पुरते. प्रत्येकी दीड व्होल्टचे दोन सेल घर्षणातील व मोटरमधील नुकसान सोसूनही तेवढी शक्ती देऊ शकतात. या गतीने 20 लिटरचा डबा सुमारे 4 मिनिटांत रिता होईल. उंची वाढली की प्रवाह झपाट्याने घटतो आणि एका मर्यादेनंतर चक्र फिरत राहते, पण नळीतून थेंबही येत नाही. म्हणून भरावयाचे पात्र शक्यतो खाली ठेवावे. मात्र ते खाली असेल तर नळी एकदा पूर्ण भरल्यावर मोटर बंद केली तरी प्रवाह चालूच राहतो, कारण पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. कळ दाबली म्हणजे द्रव थांबला, हा समज येथे फसवा ठरतो. पंपाचा पाय द्रवातून वर उचलला, म्हणजेच नळीत हवा शिरू दिली, तरच प्रवाह थांबतो.

आता पहिल्या शब्दाकडे वळू. ‘मोटर’ हा शब्द बोलीत संपूर्ण पंपाला लावला जातो. अंगाच्या नावाने अंगीचा निर्देश करण्याची ही रीत सर्व भाषांत आढळते आणि एरवी तिने काही बिघडत नाही. येथे मात्र यंत्राची दोन अंगे वेगळी ओळखणे आवश्यक आहे. चक्र द्रव हलविते. मोटर चक्र फिरविते. स्वस्त पंपातील मोटर बहुधा कार्बन-ब्रशांची असते. अशा मोटरमध्ये ब्रश कम्युटेटरवर घासताना बारीक ठिणग्या सतत उडतात. तो तिचा दोष नसून स्वभाव आहे. कळ दाबताना व सोडतानाही ठिणगी पडते. ही मोटर दांड्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे नेमकी डब्याच्या तोंडाशी असते. पाण्याच्या बाबतीत या ठिणगीला काही अर्थ नाही. पेट्रोलच्या बाबतीत सगळा अर्थ तिच्यातच आहे. पंपाला सरसकट ‘मोटर’ म्हणणाऱ्याच्या मनात द्रव ओढणारी एक अखंड वस्तू असते. तिच्यात ठिणगी पाडणारा एक स्वतंत्र भाग आहे याची आठवण हा शब्द करून देत नाही.

दुसरा शब्द ‘तेल’. संस्कृत ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे अर्थविस्तार होऊन शेंगदाण्याचे, करडईचे, खोबऱ्याचे तेल असे प्रयोग रूढ झाले, आणि खनिज तेल आल्यावर शब्दाची कक्षा आणखी रुंदावली. गाडीत ‘तेल टाकणे’ या प्रयोगात आज डिझेलही येते आणि पेट्रोलही. शब्दार्थाच्या इतिहासाच्या दृष्टीने हा विस्तार नमुनेदार आहे. परंतु पंपाच्या खोक्यावर ‘पाणी व तेल यांसाठी’ असे छापलेले असेल, तर वाचणाऱ्याने काय समजावे?

कायदा या बाबतीत बोलीपेक्षा काटेकोर आहे. 1934 च्या पेट्रोलियम अधिनियमात आज जी वर्गवारी लागू आहे ती ज्वलनांकावर, म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल अशा किमान तापमानावर, आधारलेली आहे. 23 अंश सेल्सिअसच्या खाली ज्वलनांक असलेले द्रव पहिल्या वर्गात, 23 ते 65 अंशांमधील दुसऱ्या आणि 65 ते 93 अंशांमधील तिसऱ्या वर्गात मोडतात. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे 40 अंश आहे. म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी, उघड्या पेट्रोलवर पेट घेऊ शकणारी वाफ असतेच. डिझेल व केरोसीन दुसऱ्या वर्गात येतात. ते नेहमीच्या हवेत सहजी पेट घेत नाहीत. परंतु वैशाखात विदर्भातील सावलीचे तापमानही 45 अंशांपर्यंत चढते, आणि उन्हात ठेवलेला पत्र्याचा डबा त्याहूनही तापतो. तेव्हा डिझेलसुद्धा सर्वस्वी निर्धोक म्हणता येत नाही. ते सावलीत, गार असताना आणि विडीकाडीपासून दूर ठेवूनच हाताळले पाहिजे. पेट्रोलसाठी मात्र, तसे स्पष्टपणे नमूद केलेले नसेल तर, असा स्वस्त पंप वापरूच नये. कायद्याने दोन वर्गांत ठेवलेले द्रव बोलीने एका शब्दात कोंबले आहेत, आणि अपघाताची वाट नेमकी त्या फटीतून जाते.

तिसरा शब्द ‘रिकामा’. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना येथे बेंजामिन ली व्होर्फ याचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. 1897 मध्ये जन्मलेला व्होर्फ शिक्षणाने रसायन-अभियंता होता. 1919 पासून 1941 मधील मृत्यूपर्यंत तो अमेरिकेतील हार्टफर्ड येथील आगीच्या विमा कंपनीत आगप्रतिबंधाचे काम करीत होता. सॅपिरच्या स्मृत्यर्थ 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील आपल्या निबंधात त्याने पेट्रोलच्या पिंपांचे उदाहरण दिले. भरलेल्या पिंपांपाशी कामगार सावध असतात; ‘रिकाम्या’ पिंपांपाशी मात्र ते बेफिकीर होतात आणि धूम्रपान करतात. वस्तुतः रिकामी पिंपे अधिक धोक्याची, कारण त्यांत वाफ असते. ‘रिकामे’ या शब्दात ‘निरुपद्रवी’ हा अर्थ मिसळल्याने वागणूक बदलते, असे त्याचे प्रतिपादन होते.

या प्रतिपादनाचा भौतिक भाग निर्विवाद आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारणतः 1.4 ते 7.6 टक्के असेल तेव्हाच मिश्रण पेट घेते. भरलेल्या बंद डब्यातील मोकळ्या जागेत वाफ सहसा यापेक्षा कितीतरी दाट असते. पंपाने डबा उपसला जातो तसतशी त्यात हवा शिरते, आणि तळाशी राहिलेल्या पातळ थराची वाफ तिच्यात मिसळून प्रमाण या टप्प्यात येऊ शकते. हे मिश्रण पेटविण्यास लागणारी ऊर्जा एक चतुर्थांश मिलिज्यूल इतकी अल्प असते. एक ग्रॅम वजन अडीच सेंटिमीटर उचलण्यास लागते तेवढीच. प्लॅस्टिकच्या नळीतून इंधन वाहताना साचणारी स्थिर विद्युत तेवढी ठिणगी सहज देऊ शकते. म्हणूनच डबा गाडीत ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरावा, आणि नळीचे टोक तळापर्यंत न्यावे, म्हणजे इंधन शिंतोडे उडवीत पडत नाही.

भाषिक भागावर मात्र आक्षेप घेतले गेले आहेत. स्टीव्हन पिंकर याने 1994 मधील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, वाफ डोळ्यांना दिसत नाही; त्या कामगाराला भाषेने नव्हे, तर त्याच्या डोळ्यांनीच फसविले. हा आक्षेप बळकट आहे. तथापि त्याने प्रश्न संपत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते कळण्याचा मार्ग शब्दावाचून दुसरा कोणता? भाषा विचाराला जखडून टाकते हे मान्य केले नाही, तरी अदृश्य गोष्ट सांगण्याची जबाबदारी भाषेवर येतेच. डब्यावर ‘रिकामा’ लिहिण्याऐवजी ‘आत वाफ आहे’ असे लिहिता येते, आणि मराठीला ते मुळीच अवघड नाही.

पाण्याच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. डिझेलसाठी वापरलेला पंप धुऊन पिण्याच्या पाण्यात घातला, तर तो डोळ्यांना स्वच्छ दिसतो. परंतु प्लॅस्टिकच्या नळीत व रबरी भागांत इंधन मुरलेले असते आणि ते पाण्यात उतरत राहते. औषध-फवारणीच्या बॅटरी-पंपाबद्दल तर हे अधिकच कठोरपणे सांगितले पाहिजे. त्यातून पिण्याचे पाणी कदापि काढू नये. उलट दिशेनेही हानी आहे. पाण्याचा ओला पंप डिझेलमध्ये घातला तर पाणी इंधनात मिसळते. डिझेल हलके असल्याने ते पाणी तळाशी बसते आणि पुढे इंजिनाच्या नोझलपर्यंत पोहोचते. याच कारणाने पंपाचा पाय डब्याच्या अगदी तळाला न टेकविता दोन बोटे वर ठेवावा, कारण पाणी व गाळ तेथेच असतो. एक पंप पाण्याचा, दुसरा डिझेलचा, आणि दोहोंवर न पुसणाऱ्या रंगात नाव, ही व्यवस्था दोन पंपांच्या किमतीत मिळते.

या विवेचनातून भाषेच्या अभ्यासकांसाठी एक व्यावहारिक काम पुढे येते. पारिभाषिक कोशांनी ज्वलनांकासारख्या संज्ञा दिल्या. ते काम आवश्यकच होते. परंतु पंप हातात घेणारा माणूस कोश उघडत नाही, तो खोक्यावरची ओळ वाचतो. ती ओळ समूहवाचक शब्दाने लिहिली तर वाचणारा तिच्यात आपल्याला हवा तो द्रव बसवितो. द्रवाचे नाव घेऊन लिहिली तर त्याला तशी मोकळीक राहत नाही. ‘तेलासाठी उपयुक्त’ याऐवजी ‘डिझेल चालेल, पेट्रोल चालणार नाही’. ‘काम झाल्यावर बंद करावा’ याऐवजी ‘पाय वर उचलल्यावरच प्रवाह थांबतो’. ‘स्वच्छ धुवावा’ याऐवजी ‘इंधनाला वापरलेला पंप पिण्याच्या पाण्याला वापरू नये’. ही वाक्ये साधी आहेत, त्यांत एकही नवा शब्द घडवावा लागलेला नाही. अशा वाक्यांची कसोटी शैलीची नसून परिणामाची आहे: ती वाचून, ठिणगी पडण्यापूर्वी, हात थांबतो की नाही.