वेदीपुढचे हात

१८९० सालच्या फेब्रुवारीत लंडनमधील लॅम्बेथ प्रासादात कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन यांच्यापुढे जो मुकदमा चालला, त्यातील आरोपी लिंकनचे बिशप एडवर्ड किंग हे होते, आणि त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत अपहार किंवा दुराचार यांचा लवलेशही नव्हता. प्रभुभोजनाच्या वेळी ते पूर्वाभिमुख होऊन वेदीशी उभे राहतात, द्राक्षारसात पाणी मिसळतात, उजेडाची गरज नसतानाही वेदीवर मेणबत्त्या लावतात, आणि पापक्षमेचे व आशीर्वादाचे शब्द उच्चारताना हाताने क्रूसाची खूण करतात, अशी ती फिर्याद होती. साठीच्या घरात आलेल्या आणि आपल्या प्रांतात संतपुरुष म्हणून मान्यता पावलेल्या धर्माधिकाऱ्याच्या हाताच्या एका हालचालीवर निष्णात कायदेपंडितांनी गंभीरपणे युक्तिवाद करावा, याचे मर्म कळण्यासाठी साडेतीनशे वर्षे मागे गेले पाहिजे.

इंग्लंडचे चर्च रोमच्या सत्तेपासून विभक्त झाल्यानंतर आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांच्या देखरेखीखाली १५४९ साली जो पहिला इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सिद्ध झाला, त्याच्या अखेरीस एक लहानशी सूचना आहे. गुडघे टेकणे, क्रूसाची खूण करणे, हात वर उचलणे, छातीवर हात मारणे इत्यादी क्रिया ज्याने त्याने आपल्या भक्तिभावानुसार कराव्यात किंवा सोडाव्यात, त्याबद्दल कोणाला दूषण नसावे, असा तिचा आशय. धर्ममतासाठी माणसे जिवंत जाळली जात होती अशा शतकात, राजसत्तेच्या हुकमाने प्रचारात आलेल्या ग्रंथाने उपासकाच्या देहाला एवढी मुभा द्यावी, ही मला त्या ग्रंथातील अत्यंत मोलाची गोष्ट वाटते.

ती मुभा तीन वर्षेच टिकली. १५५२ च्या दुसऱ्या ग्रंथातून ही सूचना गळाली. प्रभुभोजनातील भाकरीचा तुकडा, जो पूर्वी धर्मगुरू उपासकाच्या मुखात घालीत असे, तो आता त्याच्या हातावर ठेवण्याची तजवीज झाली. मात्र तो गुडघे टेकूनच घ्यावा, हा दंडक राहिला. स्कॉटिश सुधारक जॉन नॉक्स यांना हे मूर्तिपूजेसारखे वाटले व त्यांनी जोरदार हरकत घेतली, तेव्हा ग्रंथ छापून होत असतानाच राजाच्या सल्लागार मंडळाने त्यात एक खुलासा घातला, की हे गुडघे टेकणे नम्रतेचे व कृतज्ञतेचे चिन्ह असून त्यात भाकरीची किंवा द्राक्षारसाची आराधना नाही. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, १५५९ साली, हा खुलासा काढून टाकण्यात आला आणि १६६२ साली काही शब्द पालटून पुन्हा दाखल झाला. ओठांनी उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ दोन्ही पक्षांना आपापल्या परीने लावता येतो. वाकलेला गुडघा मात्र सर्वांना दिसतो, आणि म्हणूनच तत्त्वाचा कलह पुनःपुन्हा देहाच्या हालचालींवर येऊन आदळला. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या कपाळावर करावयाच्या क्रूसाच्या खुणेविरुद्ध प्युरिटन मंडळींनी १६०३ साली पहिल्या जेम्स राजाकडे अर्ज केला होता. १६०४ च्या धर्मनियमांनी ती खूण कायम ठेवली, परंतु तिच्यावाचूनही बाप्तिस्मा पूर्णच असतो, असेही स्पष्ट केले.

प्रभुभोजनाचा विधी जवळून पाहिला म्हणजे या वादाचे स्वरूप कळते. १६६२ च्या ग्रंथाप्रमाणे येशूच्या अखेरच्या भोजनाचे शब्द म्हणत असतानाच धर्मगुरूने तबक हाती घ्यावे, भाकर मोडावी, तिच्यावर हात ठेवावा, मग पेला उचलावा. या क्रिया लोकांना दिसाव्यात अशी आज्ञा. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभा राहिला तर त्या झाकल्या जातात, आणि किंग यांच्या खटल्यातील एक मुख्य मुद्दा हाच होता. त्यानंतर उपासक कठड्याशी येऊन गुडघे टेकतो आणि डाव्या तळहातावर उजवा तळहात ठेवून पुढे करतो. डावा हात उजव्याचे सिंहासन व्हावा, ही शिकवण चौथ्या शतकातील जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावाने चालत आली आहे. शेजारचा उपासक त्याआधी क्रूसाची खूण करील किंवा करणार नाही.

१८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या चळवळीने चर्चच्या प्राचीन परंपरेचा अभिमान जागविला आणि पुढच्या पिढीत जुने आचारही परत आणले. त्यांना आळा घालण्यासाठी पार्लमेंटने १८७४ साली कायदा केला. त्याचा परिणाम असा झाला, की सिडनी ग्रीन नावाच्या धर्मगुरूला लँकेस्टरच्या तुरुंगात सुमारे २० महिने काढावे लागले, आणि लोकमत कायद्यावरच उलटले. २१ नोव्हेंबर १८९० रोजी बेन्सन यांनी दिलेल्या निवाड्यात वेदीवरच्या मेणबत्त्यांना मोकळीक मिळाली, भाकर मोडण्याची क्रिया लोकांना दिसलीच पाहिजे असे ठरले, आणि क्षमावचनाच्या व आशीर्वादाच्या वेळची क्रूसाची खूण अमान्य झाली. किंग यांनी तो निवाडा शिरसावंद्य मानला.

त्याच वर्षी पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून पुढे लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आले, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. त्या मिशनशी निगडित असलेला काउलीचा संन्यस्त संघ याच ऑक्सफर्ड चळवळीचे अपत्य होता, आणि नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांचाही त्या संघाशी संबंध आला होता.

विसाव्या शतकात देवघेवीची दिशा बदलली. अँग्लिकन व इतर मंडळ्या एकत्र येऊन १९४७ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारताच्या चर्चने १९५० च्या आपल्या प्रभुभोजन-विधीत शांतिदानाची प्राचीन चाल पुन्हा सुरू केली: देणाऱ्याचा उजवा तळहात घेणाऱ्याच्या उजव्या तळहाताला भिडतो आणि प्रत्येकाचा डावा हात समोरच्याच्या उजव्या हातावर मिटतो. केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेत जपल्या गेलेल्या या क्रियेचा प्रभाव पुढे जगभरच्या अँग्लिकन उपासनेवर पडला. इंग्लंडमधील चर्चमध्ये आज या ठिकाणी बहुधा साधे हस्तांदोलन होते. काही वयोवृद्ध उपासकांना तेही रुचत नाही, ते आपल्या जागी गुडघे टेकून राहतात, आणि जाणता धर्मगुरू त्यांना तसे राहू देतो.