पुणे ग्रामीण पोलीस दल: वरिष्ठ अधिकारी येतात कुठून?

इंदापूर तालुक्यातील कळस हे गाव पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या हद्दीत येते. दलाचा प्रमुख पोलीस अधीक्षक असतो. त्याच्यावर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक देखरेख ठेवतात, तर बारामतीला अपर पोलीस अधीक्षकाचे कार्यालय आहे.

या पदांवर पोहोचण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली केंद्रीय लोकसेवा आयोगाची: निवड झालेले अधिकारी हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत शिकतात आणि भारतीय पोलीस सेवेत येतात. दुसरी राज्य लोकसेवा आयोगाची: हे अधिकारी नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडून उपअधीक्षक होतात. पुढे त्यांच्यातील काहींची भारतीय पोलीस सेवेत पदोन्नतीने निवड होते. शिवाय उपनिरीक्षक म्हणून भरती झालेले काही जण अनेक वर्षांच्या सेवेनंतर उपअधीक्षकपद गाठतात. पोलीस ठाण्याचा रोजचा कारभार त्यांना आतून ठाऊक असतो.

विश्वास नांगरे पाटील यांचा प्रवास पहिल्या वाटेचा. सांगली जिल्ह्यातील कोकरूडचे नांगरे पाटील भारतीय पोलीस सेवेच्या 1997 च्या तुकडीतले. पुणे ग्रामीणचे अधीक्षक असताना 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी चाललेल्या रेव्ह पार्टीवर त्यांनी छापा घातला. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यावेळी ते दक्षिण मुंबईत पोलीस उपायुक्त होते. पुढे ते कोल्हापूर परिक्षेत्राचे प्रमुख झाले आणि पुणे ग्रामीण पुन्हा त्यांच्या देखरेखीखाली आले.