थंडी वाटणं आणि थंडी असणं : मोटारसायकलवरचे हीटेड कपडे कसे निवडावेत



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला विजेवर तापणाऱ्या जॅकेटशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की थंडी ‘वाटणं’ आणि थंडी ‘असणं’ या दोन गोष्टी एक आहेत का, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. वर्गात त्याचं उत्तर चुकलं तर दोन मार्क जातात. मोटारसायकलवर चुकलं तर ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे, म्हणजे पुणे-नाशिक भागात, जानेवारीच्या पहाटे कितीही कुडकुडलं तरी बहुतेकांना हीटेड कपडे लागत नाहीत. वारा अडवणारं एक जॅकेट, आत लोकरीचा थर, गळ्याला बफ आणि बरे हातमोजे एवढ्यावर भागतं. हा प्रश्न खरा आहे तो लडाख, स्पितीकडे जाणाऱ्यांचा, आणि जर्मनी, इंग्लंड, कॅनडासारख्या देशांत राहून हिवाळ्यातही गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलामुलींचा. हे व्याख्यान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

जाणीव हा वाईट थर्मामीटर

सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. तेच पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्या हाताला गरम लागू शकतं. एक हात आधी गरम पाण्यात आणि दुसरा बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग दोन्ही एकाच कोमट पाण्यात बुडवा. घरी करून बघा. याचा अर्थ, त्वचा आपल्याला तापमान सांगत नाही. ती सांगते की उष्णता किती वेगानं येतेय किंवा जातेय, आणि तेही आधीच्या स्थितीच्या तुलनेत.

आपल्या वैशेषिकांनी वाऱ्याबद्दल एक गमतीची गोष्ट म्हटली आहे. त्यांच्या मते वायूचा स्पर्श मुळात उष्णही नाही आणि शीतही नाही. वारा गार लागतो तो त्यातल्या पाण्याच्या अंशामुळे. आजचं भौतिकशास्त्र याचं कारण वेगळं देतं. पण वारा म्हणजे थंडी नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वारा थंडी आणत नाही, तो आपली ऊब घेऊन जातो.

आता आकडे बघू. उत्तर अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेलं ‘विंड चिल’चं सूत्र घेतलं, तर हवा ५ अंश सेल्सियस असताना ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याची ऊब जवळजवळ उणे ३ अंशांच्या शांत हवेइतक्या वेगानं जाते. हवा शून्य अंश असेल तर आकडा उणे १० च्या आसपास येतो. इथे गल्लत करू नका. ५ अंशांच्या हवेत तुमचं बोट गोठणार नाही, कारण कोणतीही कोरडी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. आकडा वेगाबद्दल आहे. आणि तो उघड्या त्वचेबद्दल आहे. म्हणजेच वारा अडवलात, तर अर्धी लढाई वीज न वापरताच जिंकलीत.

आधी धड, मग हात

थंडीत सगळ्यात आधी तक्रार करतात ती बोटं. त्यामुळे माणूस दुकानात जातो आणि पहिल्यांदा हीटेड हातमोजे मागतो. इथेच जाणीव आपल्याला फसवते.

शरीराला सगळ्यात जास्त काळजी असते ती हृदय, फुप्फुसं आणि मेंदू यांची. धड गार पडायला लागलं, की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि रक्त आत राखून ठेवतं. बोटं गार पडतात ती बऱ्याचदा छाती-पोट गार पडल्यामुळे. धड उबदार असेल तर शरीर हातांकडे रक्त मोकळेपणानं पाठवतं. म्हणून खरेदीचा क्रम असा : आधी हीटेड व्हेस्ट किंवा जॅकेट लायनर, मग हातमोजे, मग लागलंच तर पँट आणि मोजे.

याचा अर्थ हातमोजे गौण आहेत असा नाही. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं, की हाताचं कसब कमी होऊ लागतं. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. बधिर बोटांनी ब्रेकचा लिव्हर पकडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ११ मीटर गेले. एका एसटी बसची लांबी.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरलं, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याच्या सुरुवातीलाच बुद्धी मंदावते. माणूस ‘मी ठीक आहे, पुढच्या गावात थांबू’ असं म्हणत राहतो. ज्या बुद्धीनं धोका ओळखायचा, तीच आधी गारठते. म्हणून थंडीबद्दलचे निर्णय थंडीत घ्यायचे नसतात. ते घरी, उबेत, कागद-पेन्सिल घेऊन घ्यायचे असतात.

वॅटचा हिशेब

शांत बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करतं, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. हीटेड व्हेस्ट साधारण ५० वॅट घेतो, पूर्ण बाह्यांचा लायनर ७५ ते ९०, हातमोज्यांची जोडी २५ च्या आसपास, पँट ४० च्या आसपास. ब्रँडनुसार फरक पडतो, म्हणून लेबल वाचायचं. लेबलवर अँपिअर दिले असतील तर त्यांना १२ नं गुणा, वॅट मिळाले.

आता हे वॅट येणार कुठून? दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग गाडीच्या विजेचा. गाडीचा अल्टरनेटर किती वॅट देतो ते मॅन्युअलमध्ये बघा. त्यातून हेडलाइट, इग्निशन, फ्युएल पंप वगैरेंचा खर्च वजा करा. उरेल ते तुमचं. समजा अल्टरनेटर २२० वॅटचा आहे आणि गाडीलाच १४० लागतात, तर ८० उरले. यात ५० चा व्हेस्ट आणि २५ चे हातमोजे बसतात. ८० चा लायनर आणि हातमोजे मिळून १०५ होतात, ते बसत नाहीत. आणि हा आकडा इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असतानाचा. घाटात ट्रकच्या मागे रांगत असाल तर उत्पन्न कमी होतं, खर्च मात्र तोच राहतो.

हिशेब चुकला तर तूट बॅटरी भरून काढते. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर ९६ वॅट-अवर. इंजिन बंद ठेवून ७५ वॅटचे कपडे चालू राहिले, तर ती तासाभरात रिकामी होईल, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येईल. म्हणून वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्या, आणि किल्ली बंद केली की प्रवाह तुटेल असा रिले बसवा. मोबाइल चार्जिंगच्या यूएसबी सॉकेटवर भिस्त ठेवू नका. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॅट. त्यात व्हेस्ट तापत नाही.

दुसरा मार्ग कपड्यातल्याच लिथियम बॅटरीचा, बहुधा ७.४ व्होल्टच्या. गाडी भाड्याची असेल, मालक वायरिंगला हात लावू देत नसेल, तर हाच मार्ग. वायर नाही, उतरून चालतानाही ऊब आहे. पण २.२ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे १६ वॅट-अवर असतात. एक हातमोजा ८ वॅट घेत असेल तर दोन तास, आणि कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी. आठ तासांच्या प्रवासाला हे पुरत नाही. शून्याखालच्या तापमानात या बॅटऱ्या चार्जही करू नयेत. विमानानं लेहला जाणाऱ्यांनी जादा बॅटऱ्या केबिन बॅगेत ठेवाव्यात, चेक-इन सामानात चालत नाहीत.

घालून बघताना

हीटेड लायनर अंगाबरोबर बसला पाहिजे. ढगळ असेल तर मधली हवा तापते, तुम्ही नाही. आत एक पातळ थर घालायचा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड ऊब पळवतं. वर वारा आणि पाणी अडवणारं रायडिंग जॅकेट.

लायनर हे संरक्षक कवच नव्हे. पडल्यावर वाचवणारं ते बाहेरचं जॅकेट. त्यावर ईएन १७०९२ आणि हातमोज्यांवर ईएन १३५९४ हे युरोपीय मानक आहे का बघा. हातमोजे घालून दुकानातच क्लच-ब्रेक दाबून पाहा. बोटं जाडजूड होऊन लिव्हर कळेनासा झाला, तर गरम असूनही तो मोजा निरुपयोगी. हीटेड ग्रिप तळहात तापवतात, पण वारा बसतो हाताच्या पाठीवर. उत्तरेत हिवाळ्यात हँडलला जी कव्हरं लावतात ती स्वस्त आहेत, आणि वारा अडवण्याचं काम चोख करतात.

कंट्रोलर हवाच, शक्यतो व्हेस्ट आणि हातमोजे यांना वेगवेगळा. थंडी वाजायच्या आधी मंद आचेवर चालू करा. घाम येईपर्यंत तापवू नका. ४४ अंशांचा सततचा स्पर्शही काही तासांत त्वचा भाजू शकतो, हे १९४७ सालीच प्रयोगांनी दाखवलं गेलंय. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांनी हीटेड मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

आणि शेवटची कसोटी : वीज गेली तर? वायर तुटेल, फ्यूज उडेल, बॅटरी संपेल. वीज बंद असतानाही पुढच्या मुक्कामापर्यंत तगवतील एवढे थर अंगावर किंवा बॅगेत हवेत. विजेची ऊब हा वरचा मजला आहे. पाया लोकरीचा आणि वारा अडवणाऱ्या कापडाचा.

प्रश्नोत्तरे

*श्रोता : सर, माझा मुलगा डिसेंबरात स्पितीला निघालाय. बजेट बेताचं आहे. त्याला काय घेऊन देऊ?*

आधी त्याला विचारा, की डिसेंबरच का? काझ्याला तेव्हा रात्रीचं तापमान शून्याच्या खूप खाली जातं, आणि सावलीतल्या वळणावर रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर असतो. कपडे थंडीवर उपाय आहेत, घसरण्यावर नाहीत. कुठलंही जॅकेट टायरला पकड देत नाही. सप्टेंबरात गेला तर निम्मी खरेदी वाचेल.

जाणारच असेल, तर पैसे या क्रमानं खर्च करा : लोकरीचा आतला थर, वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट, हँडलची कव्हरं, आणि मग उरलेल्या पैशात एक हीटेड व्हेस्ट. हातमोजे पुढच्या वर्षी.

आणि एक नियम त्याच्याकडून कबूल करून घ्या. दर तासाला थांबायचं, बरं वाटत असलं तरी. उतरून अंगठा करंगळीला टेकवायचा. टेकला नाही, तर पुढे जायचं नाही. निवारा शोधायचा आणि गरम काहीतरी प्यायचं. तेव्हा स्वतःला ‘कसं वाटतंय?’ असं विचारायचंच नाही. बोटांना विचारायचं.