गाडी रात्रीत मागून बसली? अशी शोधा हवेची गळती

मागे एअर सस्पेन्शन असलेली गाडी रात्री नीट उभी होती, पण सकाळी मागून खाली बसलेली दिसली, तर पहिला संशय हवेच्या गळतीचा घ्यावा. एकच बाजू बसली असल्यास त्या बाजूचा रबरी बेलो आणि त्याची नळी तपासावी; दोन्ही बसल्यास व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरकडचे जोड.

केवळ हवेवर उभ्या गाडीखाली शिरू नये. हवा अचानक गेली तर गाडी अंगावर येते. आधी चेसिसला जॅक स्टँडचा भक्कम आधार द्यावा. मग हवा भरलेली असताना जोडांवर आणि बेलोच्या घड्यांवर साबणाचे पाणी फवारावे. बुडबुडे दिसतील तिथे गळती.

दुर्लक्ष केल्यास कॉम्प्रेसर सतत चालून जळू शकतो. मग नळीपुरते काम मोठ्या खर्चात पाडते.